काम मानेच्या मापाचं

‘ऑपरेशन झालं ना? मग आता काय दुखतंय?’

हा प्रश्न तुला आत्याबाईंनी विचारला असेल, जाऊबाईंनी विचारला असेल, डेअरीवर दूध घालायला गेलीस तेव्हा रांगेतल्या बायकांनी विचारला असेल. आणि तू दर वेळी ‘आता बरंय’ म्हणून वेळ मारून नेली असशील. मी पण तेच म्हणायचे. माझ्या मानेत पट्टी आणि स्क्रू बसले त्याला आता बरीच वर्षं झाली. हातातली कळ गेली, मान मात्र अजून ठणकते. मी काही डॉक्टर नाही. या दुखण्यात तुझ्याआधी पडलेली थोरली बहीण म्हणून चार गोष्टी सांगते, त्या ऐक.

पहिली गोष्ट, तू सोंग करत नाहीस. नवीन एमआरआय चांगला आला म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. एमआरआयमध्ये गादी दिसते, हाड दिसतं, दाबलेली शीर दिसते. दुखणं त्यात दिसत नाही. मणक्याच्या ऑपरेशननंतर दुखत राहणाऱ्या माणसांची संख्या जगभरात इतकी आहे, की डॉक्टरांनी त्याला वेगळं नावच दिलंय. पूर्वी त्याला सरळ ‘फेल’ गेलेली शस्त्रक्रिया म्हणायचे. २०२१ साली तज्ज्ञांनी ते नाव बदलायला सुचवलं. कारण पुष्कळदा ऑपरेशन ठरल्याप्रमाणं झालेलं असतं, तरी दुखणं राहतं. त्यात दोष पेशंटचा तर नसतोच, आणि दर वेळी सर्जनचाही नसतो.

असं का होतं, हे एकदा समजून घे. मानेत सात मणके. त्यातल्या पाचव्या-सहाव्या आणि सहाव्या-सातव्या मणक्यांमधली गादी सगळ्यात जास्त झिजते. तिथली शीर दबली की कळ खांद्यातून हातात उतरते, बोटांना मुंग्या येतात. मग गळ्याच्या पुढच्या बाजूनं छेद देऊन ती गादी काढतात, तिथं हाडाचा तुकडा नाहीतर छोटा पिंजरा बसवतात आणि दोन मणके एकमेकांना जोडून टाकतात. १९५० च्या दशकात अमेरिकेत सुरू झालेली ही रीत आता सगळीकडं चालते. तिचं मुख्य काम शिरेवरचा किंवा मज्जारज्जूवरचा दाब काढणं. म्हणून हातातली कळ बहुतेकींची कमी होते. नुसत्या मानदुखीला मात्र या ऑपरेशनची तेवढी खात्री नाही. डॉक्टर हे सांगतात तेव्हा आपलं सगळं लक्ष सहीच्या कागदाकडं आणि पैशाकडं असतं.

दुखणं मागं राहण्याची कारणंही एक नाहीत. कधी जोडलेलं हाड नीट जुळून येत नाही. कधी शीर आधीच इतके महिने दबलेली असते की दाब निघाला तरी ती पुरती सुधारत नाही. कधी जोडलेल्या मणक्याच्या वरच्या-खालच्या सांध्यांवर जास्तीचा ताण येतो. अशा रुग्णांचा एक मोठा अभ्यास अमेरिकेत १९९९ साली छापून आला. त्यात ऑपरेशननंतर दहा वर्षांत साधारण चौघांतल्या एकाला शेजारच्या मणक्याचा नवा त्रास होऊ शकतो, असा अंदाज निघाला. कधी मूळ दुखणं मानेचं नसतंच, आखडलेल्या खांद्याचं असतं. साखरेचा आजार असलेल्या बायकांत तर हे फार. आणि कधी सगळं जिथल्या तिथं असूनही दुखतं. एकदा चोरी झालेल्या वस्तीवरचा कुत्रा पुढं पाचोळा हलला तरी भुंकतो ना, तशा फार दिवस दुखलेल्या शिरा साध्या हालचालीलाही ओरडायला लागतात. दुखणं खरंच असतं, पण दर वेळी आत काही मोडलंय असा त्याचा अर्थ नसतो. हे मनात पक्कं बसलं की निम्मी भीती कमी होते.

पण कुठं थांबायचं नाही, तेही ऐकून ठेव. ब्लाउजचे हुक लावता येईनात, गजरा ओवताना सुई सुटायला लागली, हातातून भांडी निसटायला लागली, चालताना पाय अडखळायला लागले, लघवी-संडासचा ताबा सुटला, हातातली ताकद दिवसेंदिवस कमी होतेय असं वाटलं, तर ‘ऊस गेल्यावर बघू’ म्हणायचं नाही. त्याच दिवशी गाडी काढायची. मज्जारज्जू दाबला जात असेल तर वाट बघण्यात गेलेला वेळ परत मिळत नाही. ताप, जखमेतून पाणी, कारण नसताना घटणारं वजन, घास गिळायला वाढता त्रास, पडल्यावर अचानक वाढलेलं दुखणं, यांनाही तोच नियम.

यातलं काही नसेल तर घाईनं दुसऱ्या ऑपरेशनच्या मागं लागू नकोस. एकाच मानेवर पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया केली की आराम पडायची शक्यता साधारण कमी कमी होत जाते. स्क्रू ढिला झालाय, हाड जुळलेलं नाही, नवी शीर दबलीय, असं ठळक कारण सापडलं तर गोष्ट वेगळी. नुसतं ‘दुखतंय’ हे दुसऱ्यांदा सुरी लावायला पुरेसं कारण नाही.

म्हणून आधी फाईल लाव. डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशन नोट, बसवलेल्या पट्टी-स्क्रूचा स्टिकर, ऑपरेशनच्या आधीचा आणि नंतरचा एमआरआय, चालू गोळ्यांच्या चिठ्ठ्या, सगळं एका ठिकाणी. ऑपरेशन नोट दिली नसेल तर मागून घे, ते कागद मागायचा तुला हक्क आहे. आणि एक सोपा उद्योग कर. भिंतीवरच्या कालनिर्णयावर दुधाचा हिशोब लिहितेसच, त्याच चौकोनात कोपऱ्यात दुखण्याचा आकडा लिही. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सहन होण्यापलीकडचं. शेजारी एक शब्द : ‘खुरपणी’, ‘प्रवास’, ‘झोप नाही’. महिना संपला की पान काढून डॉक्टरांपुढं ठेव. ‘लई दुखतंय हो’ यापेक्षा ते पान जास्त बोलतं. आणि कोणतं काम तुला महागात पडतंय ते तुलाही कळतं.

डॉक्टरांपुढं गेलीस की सरळ विचार. हाड जुळलंय का? आता शीर कुठं दबलेली दिसते का? दुखणं मानेच्या सांध्याचं आहे, स्नायूचं आहे, शिरेचं आहे की खांद्याचं? यातलं काय सुधारेल आणि काय राहील? शेवटचा प्रश्न विचारायला जीव घाबरतो, पण तोच महत्त्वाचा. उत्तर पटलं नाही तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घे, त्यात पहिल्याचा अपमान नाही. आणि सर्जनपाशी सगळे रस्ते संपत नाहीत. बारामतीला आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, पुण्याला ससून आहे. दुखण्यावरच उपचार करणारे डॉक्टर असतात, त्यांच्या दवाखान्याला पेन क्लिनिक म्हणतात. पुण्यात ती आहेत. हे डॉक्टर बहुतेक भूलतज्ज्ञच असतात. दुखऱ्या सांध्यापाशी सुईनं औषध सोडणं, बारीक शीर उष्णतेनं बधिर करणं, असले उपाय त्यांच्याकडं असतात. काहींना त्यानं बरेच महिने आराम पडतो, काहींना नाही.

तुला गंमत सांगते. दुखण्याच्या उपचाराला वेगळं शास्त्र म्हणून उभं करणारा जॉन बोनिका हा अमेरिकन डॉक्टर आधी पैलवान होता. शिक्षणाच्या खर्चासाठी कुस्त्या मारायचा आणि त्या दुखापतींनी जन्मभर स्वतः दुखणं काढत राहिला. दुखणं म्हणजे काय ते त्याला अंगानं कळलेलं होतं. १९५३ साली त्यानं या विषयावर जाडजूड ग्रंथ लिहिला. तालमींच्या आपल्या मुलखातल्या बायकांना याचं नवल वाटायला नको. ‘मर्दाला दुखत नाही’ म्हणणाऱ्यांना मात्र हे नक्की सांग.

आता गोळ्या. शिरेच्या दुखण्यावर प्रीगॅबालिन, गॅबापेंटिन देतात. त्यानं गुंगी येते, पाय सुजू शकतात. सुरुवातीला गाडी चालवू नकोस, आणि गोळी एकदम बंद करू नकोस. अमिट्रिप्टिलीन लिहून दिली की शेजारीण म्हणेल, ‘ही तर वेड्याची गोळी.’ ही गोळी नैराश्यावर निघाली हे खरं, पण थोड्या डोसमध्ये शिरेच्या दुखण्यावर आणि झोपेवरही ती चालते. तेव्हा शेजारणीचं ऐकून ती फेकू नकोस. डायक्लोफिनॅक, असिक्लोफिनॅकसारख्या गोळ्या मात्र स्वतःच्या मनानं मेडिकलमधून आणून महिनोन्‌महिने खाऊ नकोस. पोट, मूत्रपिंड आणि बीपी तिन्हींना धोका. आणि बाजाराच्या दिवशी मिळणाऱ्या त्या बिननावाच्या पुड्या! एका पुडीत आराम पडतो म्हणतात. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं पुष्कळदा सापडलंय. पुढं हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते.

ऑपरेशन झालेली मान कुणाच्या हातात देऊ नकोस. मणका बसवणारा, पायानं तुडवणारा, झटक्यात मान मोडून देणारा, कितीही नावाजलेला असो, तुझ्यासाठी नाही. शेक चालेल, पण जिथं कातडी बधिर आहे तिथं गरम पिशवीचा चटका कळत नाही, भाजतं. आणि पट्टा? गाडीत खड्ड्यातून जाताना, डॉक्टर सांगतील तेवढे दिवस, ठीक. दिवसरात्र पट्टा बांधून बसलीस तर मानेचे स्नायू आळशी होतात आणि दुखणं वाढतं.

आता एक नाजूक गोष्ट, रागावू नकोस. सकाळची मिशरी. मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखू, दुसरं काही नाही. तंबाखूनं हाड जुळायला अडथळा येतो आणि झिजणाऱ्या गाद्यांना पोषण कमी मिळतं. डॉक्टर ‘सिगारेट ओढता का’ विचारतात, आपण ‘नाही’ म्हणतो आणि दोघांचंही काम संपतं. तू आपणहून सांग. लगेच सुटत नसेल तर वेळा कमी करत जा, पण डबी सोडायचीच आहे.

आता मुख्य गोष्ट. डोकं सरळ धरलं तर मानेवर त्याचं साडेचार-पाच किलो वजन. मान जितकी पुढं झुकेल तितका तो भार कितीतरी पटीनं वाढतो. आणि आपल्या कळंब-वालचंदनगरच्या पट्ट्यात बाईचं कोणतं काम मान न झुकवता होतं? खाली बसून भाकरी, खाली वाकून धुणं, गाईच्या पोटाला डोकं लावून धार, डोक्यावर वैरणीचा भारा, खुरपणीला दिवसभर जमिनीशी नजर. सगळी कामं जमिनीवर नाहीतर डोक्यावर. मान मधल्या मध्ये पिचून जाते.

म्हणून माझं एकच म्हणणं आहे. मानेला कामाच्या मापाची करायचा हट्ट सोड, काम मानेच्या मापाचं कर. शेगडी ओट्यावर घे. ओटा नसेल तर भक्कम टेबल. भाकरी उभ्यानं थापायची, परात कमरेच्या वर. निवडण-टिपण मांडीवर नको, टेबलावर सूप ठेवून, खुर्चीत पाठ टेकून. धुण्याचा दगड कमरेइतका उंच बांधून घे, गवंड्याचं एका दिवसाचं काम आहे. हंडा भरून उचलायचा नाही. अर्धी बादली, दोन्ही हातांत सारखं वजन. डोक्यावरचा भारा कायमचा बंद, यात तडजोड नाही. वैरण ढकलगाड्यावर नाहीतर गाडीवर येईल. शेणाची पाटी भरायची असेल तर ती उचलणारं दुसरं कोणी हवं. दोन गाई असतील तर धार दुसऱ्यानं काढायची. जास्त असतील तर मशिनचा हिशोब घरात मांड. शिलाई मशीनवर बसत असशील तर खुर्ची-टेबलाची उंची बदल आणि थोड्या थोड्या वेळानं ऊठ. मोबाईल डोळ्यांसमोर धर, मांडीवर नको. रात्री पडल्या पडल्या तर नकोच.

घरात म्हणतील, ‘बाईचे नखरे.’ म्हणू देत. समाजसेवक बाबा आमट्यांचं उदाहरण दे त्यांना. मणक्यांच्या आजारानं बाबांना पुढं बसताच येईना. एक तर उभं राहायचं, नाहीतर आडवं व्हायचं. उपचार झाले, बसणं काही परत आलं नाही. तरी १९८५ च्या डिसेंबरात कन्याकुमारीहून काश्मीरकडं त्यांनी भारत जोडो यात्रा काढली, तेव्हा सोबतची तरुण मुलं सायकलवर होती आणि बाबा गाडीत टाकलेल्या बिछान्यावर आडवे. हे तुला ‘बघ, ते केवढं करायचे’ म्हणून हिणवायला सांगत नाही. त्यांच्याकडून घ्यायचं ते एवढंच : बसता येत नाही तर बसायचा हट्ट नाही, गाडीतच बिछाना. आणि पत्नी साधनाताईंचे हात कायम सोबत. एवढ्या मोठ्या माणसानं सोय करून घ्यायची लाज धरली नाही, तर तू खुर्ची मागायला का लाजतेस?

सोय झाली तरी एक सवय मोडायला लागेल. बरं वाटणाऱ्या दिवशी आपण काय करतो? आठवड्याचं धुणं काढतो, माळा झाडतो, पापड लाटतो, आणि पुढचे तीन दिवस अंथरुणात. दुखायला लागल्यावर थांबायचं नाही, दुखायच्या आधी थांबायचं. घड्याळ लाव. वीस मिनिटं काम, पाच मिनिटं टेकून बसणं. बऱ्या दिवशीही तेवढंच, वाईट दिवशीही जमेल तेवढं. काही आठवड्यांनी पंचवीस कर. उगाच पडून राहणं हे पण औषध नाही. सकाळी नदीच्या वाटेनं नाहीतर कारखान्याच्या कॉलनीतल्या सपाट रस्त्यावर चालून ये. मानेचे व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शीक, मोबाईलवर बघून नको. हनुवटी हलकेच मागं घेणं, खांद्याची पाती जवळ आणणं, तळहाताला कपाळ टेकवून जागच्या जागी हलका जोर देणं, असे ते साधे असतात. कोणते तुला चालतील हे तुझ्या मणक्यांवर ठरतं. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नकोस, याला महिने लागतात. झोपताना उशी एकच, मान आणि पाठ एका रेषेत राहील इतकीच जाड. पालथं झोपायचं नाही.

नवऱ्याशी बोल. रात्रीच्या जवळिकीबद्दलही बोल. दुखतं म्हणून तू टाळतेस, तो मनात वेगळं काही धरतो आणि दोघंही गप्प राहता. मानेखाली आधार, वजन मानेवर येणार नाही असं झोपणं, कुठलीही घाई नाही, हे दोघांनी मिळून ठरवता येतं. न बोलता त्यालाही कसं कळणार?

आणि मनाचं. सतत दुखलं की चिडचिड होते, पोरांवर हात उगारला जातो, कशातच जीव रमत नाही. त्याला नैराश्य म्हणतात, तो दुखण्याचाच भाग आहे आणि त्याला इलाज आहे. ‘यापेक्षा नकोच हे जगणं’ असं मनात आलं तर एकटी बसू नकोस. १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा नंबर आहे, फुकट, दिवसरात्र, मराठीत बोलतात. आधी मला फोन केलास तरी चालेल.

पैशाचं थोडक्यात. पुढं काही करायची वेळ आली तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ते बसतं का, हे त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला ॲडमिट होण्याआधी विचार, नंतर नाही. १५५३८८ वर फोन करूनही कळतं. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेव. पण ओटा, टेबल, खुर्ची, धुण्याचा दगड यांचा खर्च कोणतीही योजना देणार नाही. तो घरातूनच करायला हवा, आणि पुष्कळदा तो दुसऱ्या ऑपरेशनपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

आषाढात तुकोबांची पालखी आपल्या तालुक्यातून जाते, बेलवाडीला रिंगण होतं. डोक्यावर तुळस घेऊन चालायचा तुझा नेम होता, मला माहीत आहे. तो आता नाही जमायचा. रिंगण बघायला मात्र ये; गर्दीच्या कडेला खुर्ची टाकून बसू, मी सोबत असेन.

तुझं दुखणं पूर्ण जाईल असं मी सांगणार नाही. माझं गेलेलं नाही. पण आज जेवढं आहे तेवढंच कायम राहील असंही नाही. झोप सुधारली, काम बदललं, भीती उतरली, की तेच दुखणं घराचा एक कोपरा धरून बसतं, सगळं घर अडवत नाही. तेव्हा या आठवड्यात तीन कामं कर : फाईल लाव, शेगडी वर घे, भारा बंद कर. आणि पुन्हा कोणी विचारलं, ‘ऑपरेशन झालं ना, मग आता काय दुखतंय?’ तर हसून वेळ मारून नेऊ नकोस. सांग, ‘मान दुखतेय. ती बादली तेवढी उचलता का?’